तेलातली चमकी आणि नदीचं गढूळ पाणी

धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो, इथं आपण गेल्या वेळी थांबलो होतो. आज धूर बाजूला ठेवू आणि इंजिनचं तेल घेऊ. हसू नका. इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या दारात ट्रॅक्टर आहे, आणि दर अडीचशे तासांनी तेल बदलताना तुम्ही जे करता ते अनुमानच असतं.

दसऱ्याच्या सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. उसाचा हंगाम तोंडावर, दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, टोळीला उचल देऊन झालेली, बँकेचा हप्ता चालू. तेल बदलायला त्यानं चेंबरचा नट काढला आणि पत्र्याच्या डब्यात तेल धरलं. उन्हात बघितलं तर आत काहीतरी लकाकतंय. म्हणाला, "सर, तेलात चमकी आलीया. इंजिन खोलू का हंगाम काढू?"

आता प्रश्न बघा. खोलावं तर ऐन हंगामात गाडी गॅरेजात आणि पैसे बाहेर. न खोलावं आणि भरल्या ट्रॉल्यांसह चढावर इंजिन जाम झालं, तर क्रँकही जायची. आम्ही मेस्त्री नव्हे. पण या चुकीची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. नोकरीच्या उमेदीच्या काळात आमच्या जुन्या मोटारीच्या तेलात अशीच चमक दिसली होती. नवं तेल ओतलं की भागलं असं समजून आम्ही कोकणात निघालो आणि आंबा घाटात इंजिन बसलं. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात अनुमान शिकवत होतो, हेही सांगून टाकतो.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या 'शेषवत्'मध्ये कार्यावरून कारणाकडे जायचं असतं. वात्स्यायनांचं उदाहरण नदीचं आहे: नदी फुगली, म्हणजे वर पाऊस झाला. वारणाकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पण दुसऱ्या अध्यायात यावर आक्षेप येतो. कुणी बांध घातला तरी नदी फुगतेच, मग पाऊस कशावरून? आज आपण चांदोलीतून पाणी सोडलं का, असं विचारू. यावरचं उत्तर आम्हाला फार आवडतं. नुसतं फुगणं हे चिन्हच नव्हे. पाण्याला वेग आहे का, फेस आहे का, पानं-लाकडं वाहून येतायत का, हे सगळं मिळून चिन्ह होतं.

चमकीचंही असंच. आधी 'बांधा'ची शंका फेडायची. डबा स्वच्छ होता का? त्याच्या डब्यात पूर्वी खिळे होते! म्हणून उरलेलं तेल पांढऱ्या स्वच्छ थाळीत घेतलं. मग इंजिनचं वय. नव्या इंजिनात भाग एकमेकांवर घासून बसतात, पहिल्या तेलात बारीक धातू येतोच, म्हणून तर पहिली सर्व्हिस लवकर असते. याचा ट्रॅक्टर मात्र सहा वर्षांचा.

त्यानंतर लोहचुंबक, पिशवीत गुंडाळून. चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद: लायनर, रिंगा, क्रँक, गियर. चांदीसारखं चमकतं पण चिकटत नाही, ते बहुधा ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टनकडे संशय. तांबूस दिसलं तर बेअरिंग किंवा बुश. बेअरिंगच्या पोलादी पाठीवर मऊ धातूचे थर असतात, आणि तांबूस रंग दिसतो तेव्हा वरचा थर बराच झिजलेला असतो. आकारही महत्त्वाचा. बोटांत चोळून न जाणवणारी करडी भुकटी वेगळी आणि नखात अडकणारा पापुद्रा वेगळा. पापुद्रा मिळाला तर इंजिन चालू करायचं नाही, ट्रॅक्टर ओढून न्यायचा.

तेल प्रयोगशाळेत पाठवता येतं. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी 1940 च्या दशकातच डिझेल इंजिनांच्या तेलातला धातू मोजायला सुरुवात केली होती. पण इथं एक गंमत आहे. ही नेहमीची वर्णपट चाचणी पाच-दहा मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजते आणि नुसत्या डोळ्याला साधारण पन्नासच्या पुढचे सुटे कण दिसतात. मधला पट्टा दोघांच्याही नजरेतून सुटतो. तो बराचसा फिल्टरात सापडतो. म्हणून जुना फिल्टर फेकायचा नाही. कापून त्याचा कागद उलगडून बघायचा. अहवालात आकडे कमी आलेत म्हणून इंजिन ठणठणीत, हा निष्कर्ष घाईचा.

विद्यार्थ्याच्या फिल्टरात तांबूस कण निघाले, चुंबकाला न चिकटणारे. मेस्त्रीनं तेलाचा वास घेतला आणि विचारलं, "दांडीवर तेल कमी हुतं का जास्त?" जास्त होतं. इंजिन तेल खातं, वाढवत नाही. म्हणजे डिझेल तेलात उतरत होतं, तेल पातळ होत होतं आणि बेअरिंगवर त्याचा थर टिकत नव्हता. हीच ती फेस आणि पानं. नदीच्या वर आणखी एक ओढा निघाला. नुसतं बेअरिंग बदललं असतं, तर नवंही तसंच गेलं असतं.

पूर्ण इंजिन उतरवावं लागलं नाही. खालून चेंबर काढला, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं झिजलेली निघाली, क्रँकचं माप मात्र शाबूत होतं. बेअरिंगं बदलली, गळका डिझेल पंप दुरुस्तीला दिला. हंगामाचे पहिले चार दिवस बुडाले. आता त्यानं पन्नास तासांनी पुन्हा तेल काढायचं ठरवलंय, आणि या वेळी थाळी आमच्या घरची आहे.