काडतूस अडकले तर

भात लोंबीवर आले की राखणीला परवान्याची बारा बोअरची बंदूक निघते, आणि भिवंडीकडच्या दमट हवेत नेमकी तेव्हाच अडते. कागदी काडतूस ओलीने फुगते. बार झाल्यावर पुंगळी नळीत घट्ट बसते. प्लॅस्टिकचे फुगत नाही, तिथे काजळी नि गंज पाहा. पुंगळी उडालेलीच आहे ना, याची खात्री करा. मग बंदूक उघडी ठेवून, नळीच्या तोंडाकडून लाकडी गजाने ती हळू ढकला. चाकूने उकरू नका. नळी कोरड्या फडक्याने पुसा, तेल अगदी थोडे.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. नळी निर्जन बाजूला धरून मिनिटभर थांबा. बार उशिरानेही होतो! रानडुक्कर मारायला मात्र वनखात्याची परवानगी वेगळी लागते, बरं का.