शिक्षा संपल्यावरचं काम

‘गुन्हेगार’ असा शिक्का बसलेल्या माणसाला कामाला लावण्याचा आपल्याकडचा एक मोठा खटाटोप गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठीच्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये झाला. तारेच्या कुंपणात वस्ती, ठरल्या वेळी हजेरी आणि पोटासाठी गिरणीतलं काम. ज्या बीडबद्दल पुढे बोलायचं आहे, ते तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, पण गुन्हेगार जमातींचा कायदा तिथेही होता. या जमातींपैकी पारध्याच्या पोराने काही केलेलं नसलं तरी त्याचं नाव पोलिसांच्या वहीत असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, संशय मात्र राहिला. तुरुंगांच्या नियमांतून तो काढून टाकण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल द्यावा लागला.

सोलापूरच्या अगदी उलट प्रयोग १९३९ च्या सुमारास औंध संस्थानात झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची वसाहत वसवली. नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, हाताखाली शेती. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामुळे लोकांना त्यातला जेलर आठवतो. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: कैद्याला तिथे बायकापोरांसह राहता येई. सुटल्यावर ज्यांच्यात जायचं, त्यांच्याच सोबतीनं तो कामाला लागे.

पुढे पैठणला गोदाकाठी खुलं कारागृह झालं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचं काम हाती घेतलं. नोकरीच्या तयारीचे गट घेणारा कुणीही सांगेल की वेल्डिंग शिकवणं सोपं आहे. घाम फुटतो तो एका प्रश्नाला: ‘मधली चार वर्षं कुठे होतास?’ त्याचा सराव असा: एकाने मालक व्हायचं, दुसऱ्याने उमेदवार. पहिल्या खेपेला उमेदवार ‘गावाकडं शेती बघत होतो’ म्हणून मोकळा होतो. शिकवणाऱ्याने तिथे गप्प बसावं. शेजारचाच बोलतो, ‘आरं, त्यानं ठाण्यात फोन लावला तर?’ मग उत्तर आखूड होत जातं. केस झाली, शिक्षा भोगली, आत सुतारकाम शिकलो, आठवडाभर काम करून दाखवतो.

चाकण-वाळूजच्या कारखान्यांच्या गेटवर हे उत्तर कितीही चोख दिलं, तरी चारित्र्य पडताळणीचा दाखला आडवा येतो. बीडच्या माणसाला दाखला न मागणारा एकच हुकमी मालक ठाऊक आहे, ऊसतोडीचा मुकादम. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा आत असेल तर बाई अर्ध्या कोयत्यावर जाते आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीची जुनी बाकी फेडत राहते. सुटून आलेला माणूस बहुधा त्याच बाकीत शिरतो.

१ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली. राज्य सहकारी बँकेकडून बंद्याला ७ टक्क्यांनी, जामीनदाराशिवाय ५० हजारांपर्यंत कर्ज. कल्पना चांगलीच आहे. पण जोडीची उचल अनेकदा लाखाच्या वर असते, तेव्हा घर कुठे झुकणार हे उघड आहे. बीडमध्ये नोकरीच्या तयारीचे असे गट घ्यायचे, तर दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी घ्यावेत आणि पहिल्याच बैठकीला बायकोलाही बोलवावं. उचलीचा हिशेब तिला तोंडपाठ असतो.