एकही गोळी न झाडता युद्धनौकेवर माणसं का मरतात? ब्लॉक जोडून जहाज बांधण्यामागचं सुरक्षेचं गणित

७ मार्च २०१४. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये ‘कोलकाता’ या नव्या विनाशिकेच्या यंत्रांच्या चाचण्या सुरू होत्या. जहाज अजून नौदलाकडे आलेलं नव्हतं. चाचणीदरम्यान आग विझवण्यासाठी बसवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रणेत बिघाड झाला, गॅस सुटला आणि नौदलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला.

म्हणजे जी यंत्रणा जीव वाचवायला बसवली होती, तीच जिवावर उठली.

आता मुंबईचा समुद्र आणि नांदेड-लातूर रस्त्यावरचं अहमदपूर यांच्यात पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. पण या अपघाताचं शास्त्र मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. घराघरांत ज्वारीची पेवं होती तेव्हाचा नियम साधा होता. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आधी वारं लागू द्यायचं. आडात उतरायच्या आधी कंदील खाली सोडून बघायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. कारण बंद जागेत साचलेला वायू दिसत नाही, कार्बन डायऑक्साइडला वासही नाही, आणि हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खाली बसून राहतो. हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं तर माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. आग विझवायला मात्र इंजिनाच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त गॅस सोडावा लागतो. म्हणून ही यंत्रणा चालू होण्याआधी भोंगा वाजणं, आतली माणसं बाहेर पडणं आणि मगच गॅस सुटणं, हा क्रम चुकून चालत नाही.

युद्धनौका म्हणजे अशी शेकडो पेवं एकमेकांना जोडलेली. टाक्या, खोल्या, बोळ, दारूगोळ्याची कोठारं. त्यात माणसं काम करणार, झोपणार, जेवणार. या सगळ्यांचा पर्यावरण, सुरक्षा आणि आरोग्याच्या अंगाने विचार जहाज कागदावर असतानाच करावा लागतो. आणि जहाज ‘मॉड्युलर’ असेल, तर या विचाराचे नियम थोडे बदलतात.

मॉड्युलर म्हणजे काय? या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि लोक हमखास गल्लत करतात.

पहिला अर्थ बांधणीचा. पूर्वी जहाज तळापासून वर असं एका जागी उभं राहायचं. सांगाडा पूर्ण झाला की मग पाइप, केबल, यंत्रं आत न्यायची. आता जहाजाचे मोठे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, कारखान्यात वेगवेगळे तयार होतात. त्यात पाइप, केबलचे ट्रे, काही यंत्रं आधीच बसवतात. मग क्रेनने उचलून ब्लॉक एकमेकांना जोडायचे. १७७४ मध्ये एका छोट्या सुक्या गोदीपासून सुरू झालेल्या आणि १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतलेल्या माझगाव डॉकने यासाठीच आधुनिकीकरण केलं. मॉड्यूल कार्यशाळा उभारली आणि ३०० टन उचलणारी गोलायथ क्रेन आणली. १५ जानेवारी २०२५ ला नौदलात दाखल झालेली ‘नीलगिरी’ याच पद्धतीची.

यात वेळ वाचतो हे सगळे सांगतात. पण कामगाराच्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट वेगळी आहे. जहाजाच्या पोटात, अंधाऱ्या खोलीत, डोक्यावर हात करून वेल्डिंग करणं आणि कार्यशाळेत ब्लॉक उलटा करून, उभ्याने, मोकळ्या हवेत तेच वेल्डिंग करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर थेट पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत टाकला. आयटीआय करून वेल्डर झालेल्या पोराला आयुष्यभर हा धूर किती प्यावा लागेल, ते ब्लॉकच्या नकाशावर बऱ्याच अंशी ठरतं.

पण यात एक मेख आहे.

ब्लॉक आधीच भरलेला असतो. रंग दिलेला, केबल ओढलेल्या, उष्णतारोधक थर लावलेला. दोन ब्लॉक जोडताना एका बाजूने वेल्डिंग होतं आणि पत्र्याच्या पलीकडे, जिथे कुणाचं लक्ष नाही, तिथला थर तापतो. ठिणगी दिसते या बाजूला, धुमसतं त्या बाजूला. म्हणून गोदीच्या नियमात आगीवर नजर ठेवणारा माणूस पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हवा, आणि वेल्डिंग थांबल्यावरही त्याने निदान अर्धा तास तिथून हलायचं नसतं. शिफ्ट संपायच्या वेळी हा अर्धा तास सगळ्यात जड जातो.

२१ जून २०१९ च्या संध्याकाळी माझगाव डॉकमध्येच बांधणी चालू असलेल्या ‘विशाखापट्टणम’ विनाशिकेवर आग लागली आणि एका कंत्राटी कामगाराचा मृत्यू झाला. जहाज पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात दाखल झालं.

त्याहून जुनं आणि त्याहून विचित्र उदाहरण ब्रिटनचं. सप्टेंबर १९७६ मध्ये ‘ग्लासगो’ ही युद्धनौका बांधली जात असताना ऑक्सिजनची नळी रात्रभर गळत राहिली. सकाळी कामगार आत उतरले, वेल्डिंगचं काम सुरू झालं आणि ऑक्सिजनने भरलेल्या हवेत आग अशी भडकली की आठ माणसं गेली. इथे कंदील विझला नसता, उलट जास्त उजळला असता. म्हणूनच आज बंद जागेत उतरण्याआधी मीटरने तपासताना ऑक्सिजन कमी आहे का एवढंच बघत नाहीत, जास्त आहे का हेही बघतात. नेहमीच्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला तरी धोका, तेवीसच्या पुढे गेला तरी धोका.

आता मॉड्युलरचा दुसरा अर्थ. इथे जहाज तेच राहतं, पण त्यावरची शस्त्रं आणि उपकरणं डब्यासारखी बदलतात. आज पाणसुरुंग शोधायचे, उद्या पाणबुडी. डेन्मार्कने १९८० च्या दशकात हे करून दाखवलं. तीन मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद असे ठरावीक मापाचे डबे आणि जहाजावर त्यांच्यासाठी तयार खाचा. क्रेनने डबा काढायचा, दुसरा बसवायचा, की झालं. अमेरिकेने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर ‘लिटोरल कॉम्बॅट शिप’ या किनाऱ्याजवळ लढणाऱ्या नौकांसाठी वापरली. पहिली नौका २००८ मध्ये दाखल झाली.

डबा बदलणं अर्ध्या तासाचं काम. पण डब्यासोबत येणारा धोका कुणाचा?

समजा एका डब्यात लिथियम बॅटरीवर चालणारी पाण्याखालची मानवरहित होडी आहे. दुसऱ्यात क्षेपणास्त्रं आहेत. दोन्ही डबे आपापल्या कारखान्यात तपासून पास झालेत. पण दोघं शेजारी आल्यावर काय? बॅटरी पेटली तर तिच्यावर कोणती आग-यंत्रणा चालेल? जहाजाच्या रडारच्या लहरींनी शेजारच्या डब्यातला स्फोटक फ्यूज चाळवला तर? सुरक्षेच्या कामात याला जोडणीचे धोके म्हणतात. एकेकट्याने निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तू एकत्र आल्यावर तयार होणारे.

मुंबईला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि जोडीला कापसाच्या हजारो गाठी. कापूस वेगळा असता तर गोदामातली एक आग झाली असती. स्फोटकं वेगळी असती तर नियमाने उतरवली गेली असती. दोन्ही एकाच जहाजात होती. दुपारी गाठींतून धूर दिसला आणि चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. किमान आठशे माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. आजही देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिललाच सुरू होतो तो याचमुळे.

विजेचा जोडणीदोष काय करतो ते १९६७ मध्ये अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ विमानवाहू नौकेवर दिसलं. विमानाची वीज बाहेरच्या जोडणीवरून आतल्या जोडणीवर घेताना झटका आला आणि पंखाखालचं रॉकेट आपोआप सुटलं. १३४ जण मेले. शत्रू आसपासही नव्हता.

म्हणूनच असे प्रकल्प सुरू होतानाच एक दस्तऐवज तयार होतो. कोणते धोके आहेत, किती गंभीर, किती वेळा घडू शकतात, आणि त्यावर काय केलं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रणाली-सुरक्षा मानकात यासाठी एक उतरंड सांगितली आहे. सगळ्यात आधी धोका रचनेतूनच काढून टाका. नाही जमलं तर रचना बदलून कमी करा. तेही नाही तर संरक्षक यंत्रणा बसवा. मग इशारा देणारी साधनं. आणि सगळ्यात शेवटी पाट्या, नियम, प्रशिक्षण, हेल्मेट आणि मास्क.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. पाटी आधी लागते.

उतरंडीचं सोपं उदाहरण इंधनाचं. अमेरिकी नौदलाच्या विमानांचं इंधन किमान ६० अंश सेल्सिअस तापमानाशिवाय पेट घेईल इतकी वाफ सोडत नाही. नागरी विमानांच्या इंधनाची हीच मर्यादा ३८ अंश आहे. आग विझवायची यंत्रणा कितीही भारी आणली तरी मुळात लवकर पेटणारं इंधनच जहाजावर न नेणं हे त्याहून वरचढ. मग पेट्रोलवर चालणारं एखादं उपकरण घेऊन नवा डबा आला, तर तो डबा या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. त्याला नाही म्हणायचा अधिकार कुणाकडे, हे आधी ठरलेलं असावं लागतं. त्या मानकातली सगळ्यात कामाची अट हीच वाटते. उरलेला धोका जितका मोठा, तितक्या वरच्या अधिकाऱ्याने तो स्वीकारल्याची सही करायची. खालच्या इंजिनिअरच्या गळ्यात घालून मोकळं होता येत नाही.

लिटोरल कॉम्बॅट शिपचं पुढे काय झालं? मूळ योजनेत जहाजाचे स्वतःचे नौसैनिक फक्त ४०, डब्यासोबत येणारी टोळी वेगळी. माणसं कमी पडू लागली, कामाचा ताण वाढला आणि संख्या वाढवावी लागली. २०१६ मध्ये तर डबे सतत अदलाबदल करायची कल्पनाच बाजूला ठेवून प्रत्येक जहाजाला एक ठरावीक काम देण्यात आलं. थकलेला माणूस हाही धोक्याच्या यादीतला एक रकाना असतो, आणि तो बहुतेक वेळा उशिरा भरला जातो.

पर्यावरणाच्या बाबतीत तर युद्धनौकांना कायद्यानेच मोकळीक आहे. जहाजांनी समुद्रात तेल, मैला, कचरा टाकू नये यासाठीचा मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार युद्धनौकांना लागू होत नाही. देशांनी शक्य तितकं त्याला धरून वागावं, एवढीच अपेक्षा. जहाजाच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या विषारी रंगांवर बंदी घालणारा २००८ पासूनचा करारही तसाच. तरी आता नव्या युद्धनौकांवर मैलापाणी शुद्ध करायची आणि तेलमिश्रित पाणी वेगळं करायची संयंत्रं बसवली जातात. हे आधीच ठरवावं लागतं, कारण ब्लॉक जोडून झाल्यावर अशा संयंत्राला जागा काढणं म्हणजे भिंत फोडून मोरी काढण्यासारखं. माझगावच्या गोदीतून निघालेलं पाणी ज्या खाडीत जातं, तिच्याच काठी थोडं वर शिवडीला फ्लेमिंगो येतात.

आणि दुरुस्ती? तिथे सगळी गणितं पुन्हा बिघडतात. ५ डिसेंबर २०१६ ला मुंबईच्या नौदल गोदीत सुक्या गोदीतून बाहेर काढताना ‘बेतवा’ आडवी झाली, दोन नौसैनिक गेले. २१ जुलै २०२४ ला त्याच गोदीत दुरुस्तीला असलेल्या ‘ब्रह्मपुत्रा’ला आग लागली. आग आटोक्यात आली, पण दुसऱ्या दिवशी जहाज एका बाजूला कललं आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. दुरुस्तीतलं जहाज म्हणजे अर्धं उघडलेलं घर. दारं बंद होत नाहीत कारण त्यांतून तात्पुरत्या केबल आणि नळ्या गेलेल्या असतात. आगीचे पंप सुटे केलेले असतात. खलाशी कमी, बाहेरची माणसं जास्त. २०२० मध्ये सॅन डिएगोत अमेरिकेची ‘बॉनहोम रिचर्ड’ अशाच अवस्थेत चार दिवसांहून अधिक जळत राहिली आणि शेवटी भंगारात गेली.

इथे कायद्याची एक रेषाही समजून घ्यायला हवी. १९४८ च्या कारखाने अधिनियमात जहाज बांधणं, दुरुस्त करणं आणि तोडणं या तिन्ही गोष्टी कारखान्याच्या व्याख्येत होत्या. विषारी वायू असलेल्या बंद जागेत तपासणीशिवाय माणूस उतरवायचा नाही हेही त्यात लिहिलेलं. पण सैन्यदलाचं फिरतं युनिट कारखाना नाही. म्हणजे त्याच टाकीत बांधणीच्या काळात उतरणारा कंत्राटी कामगार एका नियमाखाली आणि नंतर उतरणारा नौसैनिक दुसऱ्या नियमाखाली. टाकी तीच, हवा तीच.

जहाजाचं आयुष्य संपलं तरी ही यादी संपत नाही. १९७१ च्या युद्धातली ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मुंबईच्याच दारूखान्यात तोडायला गेली, माझगाव डॉकपासून थोड्याच अंतरावर. त्या काळच्या जहाजांत उष्णता रोखायला ॲस्बेस्टॉस सर्रास वापरायचे. फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ॲस्बेस्टॉसमुळेच २००६ मध्ये अलंगला न येता अर्ध्या वाटेवरून परत गेली होती. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर त्यातून होणारा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी समोर येतो. तोवर कंत्राटदार बदललेला असतो, हजेरीपट गेलेला असतो, आणि कामगार गावी परतलेला असतो.