गावाचा आवाज कोणत्या यादीत?

एखाद्या गावावर संकट आले की शासन, न्यायालय आणि वृत्तपत्रे असे तिघेही एकच प्रश्न विचारतात : गावाचे म्हणणे काय? प्रश्न सरळ वाटतो. मात्र पनवेल तालुक्याचा गेल्या साडेपाच दशकांचा अनुभव पाहिला, तर त्याचे उत्तर गावकऱ्यांच्या तोंडून येण्याआधीच कुठल्या तरी कागदावर निम्मे ठरलेले असते, असे दिसते. गावातील माणसे मोजण्याच्या आपल्याकडे तीन याद्या आहेत. पहिली सातबाऱ्यावरील खातेदारांची, दुसरी मतदारांची आणि तिसरी गावात प्रत्यक्ष राहणाऱ्यांची. पहिल्या दोन याद्या सरकारी दप्तरात असतात. तिसरी कुठेच नसते. संकटकाळात कोणती यादी उघडली जाते, यावर गावातील कोणाचा आवाज ऐकू येणार हे अवलंबून असते.

खाडीकाठचे जुने गाव

पनवेल आणि उरणच्या खाडीपट्ट्यातील गाव समजून घ्यायचे तर आधी खारबंदिस्तीची शेती समजून घ्यावी लागते. समुद्राचे पाणी मातीच्या बांधाने अडवून, पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन येथे भाताचे पीक घेतले जाई. या शेतीचा स्वभाव सामुदायिक होता. उधाणाच्या भरतीत बांधाला एका ठिकाणी खांड पडली, तरी खारे पाणी साऱ्यांच्या शेतात शिरे आणि काही हंगामांपर्यंत जमीन नापीक होई. म्हणून बांधाची राखण ही एकट्या मालकाची बाब कधीच नव्हती. जुन्या काळी खारजमिनीचे बांध घालून त्यांची देखभाल करणाऱ्यांना शिलोत्री म्हणत. तालुक्यातील शिलोत्तर रायचूर या गावाच्या नावात त्या पद्धतीची खूण आजही ऐकू येते. पुढे शासनाने १९४८ साली आणि नंतर १९७९ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदे केले.

या शेतीच्या आजूबाजूला तिच्याइतकेच मोठे दुसरे जग होते. मिठागरांत राबणारे मजूर होते, खाडीत जाळे टाकणारे कोळी होते, चिखलात शिंपल्या आणि निवट्या वेचणाऱ्या स्त्रिया होत्या, डोंगराच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकूर वाड्या होत्या. आगरी समाजात लग्न लावताना धवले गाणाऱ्या धवलारणीला मोठा मान असे. तिच्या शब्दावाचून विधी पुढे सरकत नसे. या साऱ्यांना गावात स्थान होते, पण सातबाऱ्यावर बहुतेकांचे नाव नव्हते. खाडीचे पाणी तर कोणाच्याच नावावर नव्हते. जोवर गाव आपल्या गतीने चालत होते, तोवर ही तफावत कोणाला जाणवली नाही.

खातेदारांची यादी उघडते

फेब्रुवारी १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादित करण्याची अधिसूचना निघाली. पुढच्याच महिन्यात सिडकोची स्थापना झाली. संपादन झाले ते १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार. या कायद्यात गावकऱ्याचा आवाज ऐकण्याची जागा एकच होती. कलम ५-अ प्रमाणे ३० दिवसांच्या आत, त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे अशा व्यक्तीने हरकत नोंदवायची. त्या हरकतीवर सुनावणी होई, अहवाल जाई आणि निर्णय शासन घेई. कलम १७ अन्वये तातडी जाहीर झाली, तर ही सुनावणीही वगळता येत असे.

'हितसंबंध' या एका शब्दाने गावाची विभागणी केली. ज्याच्या नावे जमीन होती, तो हरकत घेऊ शकत होता. त्याच शेतावर पिढ्यान् पिढ्या लावणी-कापणी करणाऱ्या मजुराला, किंवा भराव पडल्यावर ज्याची मासेमारीची जागा जाणार होती त्या कोळ्याला, त्या कागदावर उभे राहण्यास जागा नव्हती.

खातेदाराचा आवाजही पुरता ऐकला गेला असे नाही. मोबदल्याचा दर अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाने ठरत असे. निवाडे मात्र अनेक ठिकाणी दहा-पंधरा वर्षांनी झाले. शेजारी शहर वाढत होते, जमिनीचे मोल चढत होते आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव १९७० सालीच गोठलेला होता. या संतापाला लोकनेते दि. बा. पाटील यांनी संघटित रूप दिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई, दास्तान फाटा परिसरात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याच वर्षी केंद्राने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून निवाड्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली आणि दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के केली. पुढे १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी येथे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्यातूनही सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वगळले जात असल्याने प्रत्यक्षात पदरी पडतात ते पावणेनऊ टक्के.

हा लढा ऐतिहासिक होता, याविषयी दुमत नाही. तथापि त्याचे फलित मोजण्याचे मापही संपादित जमीन हेच राहिले. ज्याची जमीन अधिक, त्याचा भूखंड मोठा. जमीन नसलेल्यांचा विचार झाला, तो पुरवणीसारखा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण उरणच्या हनुमान कोळीवाड्याचे आहे. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा गावातील मच्छीमार कुटुंबांचे येथे पुनर्वसन झाले. बंदर १९८९ साली सुरू झाले. नव्या जागेत घरांना वाळवी लागली. दारे, चौकटी, छपरे पोखरली गेली आणि वर्षानुवर्षे या लोकांना पुन्हा एकदा पुनर्वसन मागावे लागले. खाडीवर जगणाऱ्या कुटुंबाचे खरे नुकसान एकरात मोजता येत नाही, आणि एकराखेरीज दुसरे माप यंत्रणेकडे नव्हते.

मत विचारले, पण कोणाला?

या पार्श्वभूमीवर २००८ सालची एक घटना महत्त्वाची ठरते. उरण, पेण आणि पनवेल तालुक्यांतील गावांवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचे सावट होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. औद्योगिक प्रकल्पासाठी जमीन द्यायची की नाही, हे शासनाने गावोगाव जाऊन विचारावे, ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. कौल प्रचंड बहुमताने विरोधात गेला. तो शासनावर बंधनकारक नव्हता, पण त्याचे नैतिक वजन मोठे होते. तो प्रकल्प त्या स्वरूपात उभा राहिला नाही.

या घटनेचे कौतुक करताना एक बारकावा सुटू नये. मत विचारले गेले ते जमीनधारकांचे. गाव आपले मत मांडत आहे असे चित्र उभे राहिले. प्रत्यक्षात गावातील खातेदार मत मांडत होते. त्या वेळी दोघांचे हित एकाच दिशेला होते, म्हणून फरक झाकला गेला. जेव्हा खातेदाराला चांगला मोबदला मान्य असतो आणि मजुराचे काम जाणार असते, तेव्हा हाच फरक उघडा पडतो.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. पण बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत जुनी आहे. एकदा ते झाले की घरातील तिचा शब्द राहतो, यादीतील तिचे नाव जाते.

नवा कायदा, अर्धी दुरुस्ती

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही उणीव प्रथमच मान्य केली. 'बाधित कुटुंब' या व्याख्येत जमीनमालकांबरोबर भूमिहीन शेतमजूर, कुळे, वाटेकरी आणि कारागीर आले. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करून त्यांची उपजीविका मुख्यतः त्यावर चालत असावी, एवढीच अट. जंगल आणि पाणवठ्यावर जगणारी कुटुंबे, मच्छीमारांसह, त्यात धरली गेली. संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि गावात जनसुनावणी आवश्यक झाली. कागदावर का होईना, तिसरी यादी प्रथमच लिहिली गेली.

परंतु संमतीच्या कलमाशी आल्यावर जुनी यादीच पुन्हा पुढे येते. खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती हवी. मात्र ही टक्केवारी काढताना मोजली जातात ती जमीनमालक कुटुंबे आणि शासकीय योजनेतून जमीन मिळालेली कुटुंबे. म्हणजे मजुराला आणि कोळ्याला सुनावणीत बोलण्याचा अधिकार आहे, पण त्यांच्या होकार-नकाराला संख्या नाही. त्यातच महाराष्ट्राने २०१८ साली केलेल्या दुरुस्तीने पायाभूत सुविधांसह काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणाम अभ्यासातून सूट देण्याची वाट ठेवली. जेथे ती वापरली जाते, तेथे ही सुनावणीदेखील होत नाही.

नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा अशा दहा गावांना जागा सोडावी लागली. त्यांच्यासाठी साडेबावीस टक्के विकसित भूखंडाची योजना ठरली, आणि जमिनीबरोबर घरांचाही स्वतंत्र विचार झाला. १९७० च्या तुलनेत हे पाऊल मोठे होते, आणि ते गावकऱ्यांनी दीर्घकाळ लावून धरल्यामुळेच पडले. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पण देऊळ, स्मशान, खाडीचा धक्का, मासळी वाळवण्याची जागा हे सारे मिळून गाव होते. त्यांपैकी जे कोणा एकाच्या नावावर नव्हते, त्याची मागणी कोणी एकाने करायची कशी, हा प्रश्न नुकसानभरपाईच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

ग्रामसभेची रिकामी जागा

मग तिसऱ्या यादीतील माणसाने बोलावे कोठे? जमिनीची अट न घालता गावातील प्रत्येक मतदाराला समान बसण्याचा अधिकार देणारी एकच कायदेशीर जागा आहे, ती म्हणजे ग्रामसभा. महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही तेथे आहे. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पेसा कायद्याने गडचिरोली वा पालघरच्या आदिवासी गावांतील ग्रामसभांना दिलेले अधिकार पनवेलच्या कातकरी वाड्यांना मिळत नाहीत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा परिसरातील २९ गावे तिच्यात गेली. रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांची अपेक्षा रास्तच होती. मात्र ग्रामपंचायतीबरोबर त्या गावांची ग्रामसभाही संपली. काही हजार मतदारांमागे एक नगरसेवक आला. सर्वांनी एकत्र बसून ठराव करण्याची जागा गेली.

आज या गावांत 'गरजेपोटी बांधलेली घरे' हा शब्दप्रयोग घरोघरी ऐकू येतो. गावठाणाची हद्द जुनी आणि कुटुंबे वाढलेली, म्हणून हद्दीबाहेर बांधलेली ही घरे. शासकीय भाषेत पूर्वी त्यांना अनधिकृत बांधकाम एवढेच म्हटले जाई. 'गरज' हा शब्द लोकांनी दिला आणि पुढे तो शासन निर्णयांच्या मथळ्यांतही आला. सामान्य रहिवाशांचा आवाज नेमका काय करू शकतो, त्याचे हे छोटे पण खरे उदाहरण आहे. नियमाने ज्याला गुन्हा म्हटले, त्यामागचे कारण तो आवाज सांगतो.

म्हणून पुढचा प्रकल्प येईल तेव्हा मोबदल्याच्या दराआधी एक गोष्ट मागायला हवी : गावात राहणाऱ्या, राबणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची यादी, ती गावासमोर वाचून दाखवणे, आणि हरकती घेऊनच ती कायम करणे. मतदारयादीचे वाचन ग्रामसभेत होऊ शकते, तर बाधितांच्या यादीचे का होऊ नये? खारबंदिस्तीच्या गावाला हे नवे नाही. बांधाला खांड पडली की शेत कोणाचे हे न विचारता सारे गाव धावत असे. जे राखायला सर्वांची गरज लागत होती, ते देऊन टाकताना मात्र केवळ खातेदारांना विचारावे, हा न्याय नव्हे.