वाचून दाखविले, समजावून सांगितले

तलवाड्याच्या बँकेत मी अधिकारी होतो, तेव्हाची गोष्ट. कर्जदार निरक्षर असला की त्याच्या अंगठ्याशेजारी एक वाक्य लिहावे लागे : ‘सदर मजकूर कर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखविला व समजावून सांगितला.’ खाली माझी सही. दसऱ्यानंतर माणसे ऊसतोडीला निघण्याच्या घाईत असत, काउंटरवर रेटारेटी असे. खरे सांगायचे तर मजकूर मी क्वचितच वाचून दाखविला. सही मात्र दर वेळी केली.

ते वाक्य गेल्या वर्षी माझ्यावरच उलटले. कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुकानदाराने पाकीट कात्रीने कापले आणि ‘दोन टाइम, जेवल्यावर’ एवढेच सांगितले. दुखणे पळाले. पाच दिवसांचे तीन महिने झाले. आधी जुनी चिठ्ठी दाखवीत होतो, पुढे तीही कुणी मागेना. मग एकदा गोळ्या संपल्या. रात्रभर घाम, पोटात ढवळणे, घरभर येरझाऱ्या. ‘ताप असेल,’ ही म्हणाली. डॉक्टरांनी पाकीट पाहिले आणि कपाळाला हात लावला. औषध होते ट्रॅमाडॉल. कारखान्यात बनलेले, पण गुणाने अफूच्या कुळातले. ते एकदम बंद करायचे नसते. हळूहळू कमी करीत मी सुटलो.

कायदा नव्हता असे नाही. १ मार्च २०१४ पासून ट्रॅमाडॉल आणि कोडीन ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही. डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहायचे, ती वही तीन वर्षे जपायची. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापायचा. २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. २०१५ च्या फार्मसी नियमावलीत तर रुग्णाला औषधाची माहिती समजावून देणे हे फार्मासिस्टचे कामच मानले आहे. अमेरिकेत अशा गोळ्यांनी घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली, तेव्हा २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला : डबीवरच ठळक लिहायचे की हे अफूवर्गीय औषध आहे, जास्त झाल्यास धोका आहे, व्यसनही लागते.

आमच्याकडचा इशारा बहुधा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि तो पाकिटाच्या कापून ठेवलेल्या अर्ध्या भागावर राहिला तर बघायलाच नको. मी पदवीधर, कादंबऱ्या लिहिणारा माणूस. मी वाचला नाही. मग उचल फेडायला पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या, अंग मोडून आलेल्या बाईने तो कसा वाचायचा? तिला मराठीत चार वाक्ये हवीत : ‘गुंगी येईल, कोयता जपून. दारू किंवा झोपेची गोळी यासोबत नको, श्वास मंदावतो. फिट येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सांगितले तेवढेच दिवस घ्या, सवय लागते.’

या औषधांना घाबरून ती बंदच करा, असे मी म्हणत नाही. कर्करोगाने तळमळणाऱ्याला याच कुळातले मॉर्फिन दिलासा देते. भीतीपोटी त्याला ते नाकारणे हाही अन्यायच. प्रश्न औषधाचा नाही, सांगण्याचा आहे.

परवा मी एका औषध दुकानात हे बोललो. काउंटरवरचा तरुण हसून म्हणाला, ‘काका, एवढ्या गर्दीत कुणाकुणाला सांगत बसू?’ मला राग आला नाही. काउंटरच्या आत बसून मीही हेच म्हणत असे. मी एवढेच म्हणालो, ‘बाळा, निदान पुढच्या माणसाला सांग. मी थांबतो.’