पाचारण : हाक कुणाची, पाठवणी कुठे?

मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात 'पाचारण' हा शब्द नेहमी येतो. देवाने माणसाला नाव घेऊन बोलावणे, हा त्याचा साधा अर्थ. पाळक, फादर, सिस्टर यांच्यापुरतीच ही गोष्ट असावी असे पुष्कळांना वाटते. लेथवर उभ्या असलेल्या किंवा कंत्राटदाराच्या हजेरीवर जगणाऱ्या माणसाचा तिच्याशी काय संबंध? आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यालाही हा शब्द परका वाटतो. देवाची हाक म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, असा त्याचा समज आहे. आणि त्या समजाला ख्रिस्ती मंडळीनेच पुष्कळदा खतपाणी घातले आहे. म्हणून हा शब्द मुळापासून तपासला पाहिजे.

बायबलमधील पाचारणाची सर्वांत प्रसिद्ध कथा मोशेची. इस्राएल लोक मिसर देशात फारोचे गुलाम होते. विटा पाडणे हे त्यांचे काम आणि मुकादमांचा मार हे त्यांचे रोजचे जगणे. मोशे दूर रानात सासऱ्याची मेंढरे राखत होता. जळत्या झुडपातून त्याला हाक आली. परंतु या कथेत आधी ऐकतो तो देव. राबणाऱ्यांचा आक्रोश त्याच्या कानी गेला आहे, म्हणून तो मोशेला बोलावतो. म्हणजे पाचारणाचा उगम गुलामांच्या आक्रोशात आहे. मोशे सबबी सांगतो : मी कोण? लोक माझे का ऐकतील? मला तर बोलताही येत नाही. अखेर तो जातो, तेव्हा काय घडते? फारो विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद करतो आणि विटांचा आकडा मात्र तोच ठेवतो. आकडा भरत नाही म्हणून मजूर मार खातात आणि चिडतात ते मोशेवरच! कामगार संघटनेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागणार नाही.

मग हाक ओळखायची कशी? याचे उत्तर शमुवेलाच्या कथेत सापडते. मंदिरात सेवा करणाऱ्या या मुलाला रात्री हाक येते. एली हा म्हातारा याजक बोलावतो आहे असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावतो. अखेर एलीच त्याला ऐकायला शिकवतो. पण निरोप काय मिळतो? एलीच्याच घराण्याविरुद्धचा! लोकांनी आणलेल्या अर्पणावर एलीची मुले जबरदस्तीने हात मारीत होती, आणि बाप त्यांना आवरत नव्हता. तात्पर्य, खरी हाक आपल्याच घरातल्या अन्यायाविरुद्ध बोलायला लावते. कानाला गोड लागणारे तेवढेच ऐकू येत असेल, तर ती हाक आपल्याच मनाची असण्याचा संभव अधिक.

ही कसोटी आता पिंपरी-चिंचवडला लावून पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीचे कारखाने आणि या शतकात चाकण. नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, गाव सोडून माणसे इकडे आली. त्यांत महार आणि मांग समाजांतून ख्रिस्ती झालेली घराणीही होती. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले, तेव्हापासूनचा हा वारसा.

या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. उपासना रविवारी. म्हणजे ज्याच्या हाती सुट्टी ठरवणे नाही, तो उपासनेला येऊ शकत नाही. करिंथ या बंदराच्या शहरातल्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्रात नेमका हाच प्रश्न आहे. प्रभुभोजनाला काही जण आधीच खाऊनपिऊन तृप्त होत आणि काही उपाशी राहत. उशिरा पोचणारे हे लोक गुलाम आणि मजूर असावेत, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. पौल त्या मंडळीला फैलावर घेतो. रविवारी रिकाम्या राहिलेल्या जागा कुणाच्या आहेत, हे विचारणे हासुद्धा पाचारण ऐकण्याचाच भाग आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जानेवारी १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांच्या व्यक्तिमत्त्वांची आपल्यावर छाप पडल्याचे त्यांनी सांगितले. आणि शिकलेले ख्रिस्ती नोकरीत रमतात, अन्यायाविरुद्ध उभे राहत नाहीत, हेही तोंडावर सुनावले. ख्रिस्ती मंडळीच्या दृष्टीने पाहिले तर ते भाषण म्हणजे एक पाचारणच होते. त्याला जाणीवपूर्वक उत्तर यायला बराच काळ लागला. महाराष्ट्रातील अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली आणि तिच्यातून पुढे दलित ईश्वरविद्या आकाराला आली. दलिताची वेदना हीच देवाला ओळखण्याची जागा, हा त्या विचाराचा गाभा.

या वेदनेला कायद्याचीही बाजू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीची मान्यता हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात हा परिच्छेद रद्द करण्याची शिफारस केली, तरी तो उठला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. परिणाम असा की, गावकुसाबाहेरची जात पाण्याने धुतली जात नाही. पण बाप्तिस्म्याच्या पाण्याने सवलत धुतली जाते, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही. म्हणून कुणी कागदावर एक आणि रविवारी दुसरा होतो. अशा माणसाला खोटा ठरवून मंडळी मोकळी होते. पण खरे बोलण्याची किंमत त्याच्या मुलाच्या शिक्षणाएवढी कुणी ठेवली, हा प्रश्न आधी विचारायला नको काय?

तेव्हा हाक आल्याचे जो सांगतो, त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तू कुणाचा आक्रोश ऐकलास? आपल्या घरातल्या कोणत्या अन्यायाविरुद्ध तू बोललास? आणि आकडा तोच ठेवून पेंढा बंद झाला, तेव्हा तू मजुरांपाशी थांबलास की नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बौद्ध, ख्रिस्ती, निरीश्वरवादी अशा प्रत्येक कार्यकर्त्याला द्यायचे आहे. फाटकावर कंत्राटी कामगाराला घरी बसवले जाते, तेव्हा त्याच्या बाजूला उभे राहणाऱ्यांत हे सारे एकत्र दिसले पाहिजेत. ख्रिस्ती माणूस तिथे नसेल, तर त्याच्या पाचारणाला अर्थ उरत नाही.