कुलपांच्या शहरात अडीच महिने

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी जोहान्सबर्गला जायचं ठरलं, तेव्हा घरात डिंकाच्या लाडवांपेक्षा जास्त चर्चा झाली ती चोरांची! "अहो, तिथे म्हणे भरदिवसा माणसाला गाडीतून उतरवतात आणि गाडी घेऊन पसार होतात," शेजारच्या वहिनींनी सांगितलं. ह्यांनी तर दोनदा विचारलं, "तिलाच इकडे बोलावू या का?" पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली होती. शेवटी २०२३ सालच्या मे महिन्यात मी एकटीच निघाले.

जावयांचं घर सँडटन भागात. भाग श्रीमंतांचा, रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना मोठी झाडं. पण रस्त्यावरून घर म्हणून दिसतच नाही! दिसते ती दीड पुरुष उंचीची भिंत, तिच्यावर विजेच्या तारा, आणि फाटकावर खाजगी सुरक्षा कंपनीची पाटी: हाक मारताच बंदूकधारी माणसं येतील. आत शिरावं तर खिडक्यांना गज, दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार. आणखी एक जाळीचं दार घराच्या आतच, बैठकीची खोली आणि झोपायच्या खोल्या यांच्यामध्ये. रात्री ते ओढून कुलूप लावायचं. म्हणजे चोर घरात आला तरी माणसांपर्यंत पोचू नये. मी मोजलं, माझ्या खोलीपासून रस्त्यापर्यंत पाच कुलपं होती.

रोबोट आणि मंगळसूत्र

दुसऱ्या दिवशी लेकीनं मला शिकवणी दिली. "आई, रोबोटला थांबलं की काच खाली करायची नाही. पर्स मांडीवर ठेवायची नाही, डिकीत टाकायची." मी म्हटलं, "रोबोट कसला ग?" तर तिथे चौकातल्या सिग्नललाच रोबोट म्हणतात! सिग्नलला थांबलेल्या गाडीची काच फोडायची आणि सीटवरची पर्स, फोन उचलून पळायचं, हा तिथला रोजचा प्रकार. काही चौकांत तर 'इथे सावध राहा' अशा पाट्याच लावल्या आहेत.

मग तिनं हळूच विषय काढला, "आणि आई, गळ्यातलं काढून ठेव." हे मात्र मला लागलं. तीस वर्षांत मी मंगळसूत्र उतरवलं नव्हतं. पण गळ्यातलं सोनं ओढलं तर सोन्याबरोबर मानही दुखावते, हे मला कोणी सांगायला नको होतं. आमच्याच गावात मोटारसायकलवरून आलेल्या पोरांनी एका ओळखीच्या बाईंचं मंगळसूत्र ओढलं, त्या पडल्या आणि महिनाभर अंथरुणाला खिळल्या. मी मंगळसूत्र कपाटात ठेवलं आणि काळ्या मण्यांची साधी पोत घातली.

भीती कुणाला, घाव कुणाला?

ही सगळी भीती मनाची म्हणावी, तर आकडे तसं म्हणू देत नाहीत. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षात दक्षिण आफ्रिकेत २७ हजारांहून जास्त खून झाले. आपल्या देशात २०२२ साली खुनाचे गुन्हे २८ हजारांच्या थोडे वर नोंदले गेले. आकडा जवळपास सारखाच, पण आपण १४० कोटी आणि ते सहा कोटी!

हे असं का, ते शहराच्या इतिहासात सापडतं. १८८६ साली इथे सोनं सापडलं आणि माळरानावर शहर उभं राहिलं. सोनं खणणारे हात काळ्या लोकांचे, पण त्यांना गोऱ्यांच्या वस्तीत राहायला बंदी. त्यांची वस्ती दूर, सोवेटोसारख्या ठिकाणी. वावरायचं तर परवान्याचं पुस्तक जवळ हवं. ते पुस्तक बायकांवर लादू नये म्हणून ९ ऑगस्ट १९५६ रोजी वीस हजार बायका प्रिटोरियाला सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तो दिवस आता तिथे महिला दिन म्हणून पाळतात, सुट्टीही असते. १९९४ साली सर्वांना मत मिळालं, कायदे बदलले; पण जमीन, पैसा, शिक्षण यांची वाटणी फारशी बदलली नाही. काम मागणाऱ्या तिघांतल्या एकाला काम नाही, आणि बंदुका मात्र भरपूर. सरकारी पोलीस दोन लाखांच्या आत, तर खाजगी रखवालदार पाच लाखांवर! ज्याच्याजवळ पैसा, त्याला राखण.

पण मैत्रिणींनो, जीव जातात ते बहुतेक या उंच भिंतींच्या आत नाही. मरतात ते जास्त करून गरीब वस्त्यांतले तरुण. भांडणात, दारूच्या भरात, पुष्कळदा ओळखीच्याच हातून. बायकांना तर रस्त्याइतकीच घरातल्या माणसाचीही भीती.

पहाटेच्या पाचजणी

हे मला समजलं ते लेकीकडे कामाला येणाऱ्या बाईंमुळे. त्या अलेक्झांड्रा वस्तीतून यायच्या. सँडटन आणि अलेक्झांड्रा यांच्यामध्ये फक्त एक हमरस्ता! इकडे पोहण्याचे तलाव, तिकडे पत्र्याच्या खोल्या. मला त्या 'गोगो' म्हणायच्या, म्हणजे आजी. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचंही बेताचं. पण बाळाला दुपट्यानं पाठीशी बांधून त्यांनी गप्प केलं, त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

जूनमध्ये तिथे हिवाळा. सूर्य उगवायला पावणेसात होतात आणि त्या घरून निघायच्या पाचला, मिट्ट काळोखात. टॅक्सीच्या थांब्यापर्यंत चालत. टॅक्सी म्हणजे पंधरा माणसांची छोटी बस. एकदा वाटेत दोन पोरांनी चाकू दाखवून त्यांचा फोन आणि आठवड्याची कमाई काढून घेतली. "पोलिसात गेलात का?" मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या. मग म्हणाल्या, "गोगो, आता आम्ही पाचजणी मिळून निघतो. पहिली दुसरीच्या दारावर थाप मारते, दोघी मिळून तिसरीच्या. संध्याकाळीही थांब्यावर एकमेकींसाठी थांबतो." एखादी आली नाही तर बाकीच्या तिच्या घरी जाऊन बघतात. ना तार, ना कंपनीची पाटी. माझी पाच कुलपं आणि त्यांच्या पाचजणी!

फाटक अडलं त्या रात्री

त्या वर्षी तिथे विजेची भारी टंचाई होती. त्यालाही ते आपल्यासारखंच लोडशेडिंग म्हणतात! एका रात्री वीज गेली, फाटकाची बॅटरीही संपली. जावई बाहेर गाडीत, आम्ही मायलेकी बाळाला घेऊन आत, आणि फाटक जागचं हलेना. काळोख्या रस्त्यावर फाटकासमोर उभी गाडी म्हणजे चोरांना आमंत्रणच. लेकीचे हात थरथरत होते. मी म्हटलं, "शेजारी कोण राहतं?" तर तिला नाव माहीत नव्हतं! दोन वर्षं भिंतीला भिंत लागून, आणि ओळख नाही.

गल्लीतल्या लोकांचा फोनवरचा एक गट होता. तिथे तिनं निरोप टाकला. पाच मिनिटांत शेजारचे म्हातारे आजोबा बायकोसह विजेरी घेऊन आले. फाटकाचं यंत्र किल्लीनं मोकळं करून हातानं कसं सरकवायचं ते त्यांनी दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी शिरा केला आणि लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेले. निघताना त्या बाई म्हणाल्या, आता रोज संध्याकाळी एक फोन करत जाऊ.

जाणार असाल तर

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी सांगते:

* विमानतळावर ओळखीचं माणूस किंवा आधी ठरवलेली गाडीच असू द्या.
* सोनं घरीच ठेवा. कागदपत्रांच्या नकला वेगळ्या ठेवा.
* पैशाचं यंत्र मोठ्या दुकान-संकुलातलंच वापरा. 'मदत करू का?' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती कार्ड देऊ नका.
* कोणी धमकावून मागितलं तर मुकाट्यानं द्या. वस्तू पुन्हा घेता येते.
* दक्षिण आफ्रिकेत पोलिसांचा क्रमांक १०१११, मोबाइलवरून ११२. तो पाठ करा.
* पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांची ओळख करून घ्या.

आणि साऱ्या आफ्रिकेला एकाच मापानं मोजू नका. रवांडातल्या किगाली शहरात बायका रात्रीही निर्धास्त चालताना दिसतात, असं तिथे जाऊन आलेले सांगतात.

परत आल्यावर मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि जरा हायसं वाटलं. मग लक्षात आलं, समोरच्या ब्लॉकमध्ये नवी बिऱ्हाडकरू येऊन चार महिने झाले होते. दिवसभर एकटीच असते, दार कायम बंद. तिचं नाव मलाही माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी वाटीत शिरा घेऊन मी तिची बेल वाजवली.